छिद्रान्वेषण

मंठ्याहून आलेला, जिंतूरकडे निघालेला आणि सेलूला वेळेत पोहोचण्याची आशा सोडलेला असे तीन प्रकारचे प्रवासी जेथे एकाच बाकावर बसून आपापल्या बशीतला चहा फुंकताना आढळतात, त्या देवगाव फाट्यावर मनुष्याच्या ऐहिक जीवनाला लागणारी बहुतेक सामग्री मिळते, आणि जी लागत नाही ती त्याहून स्वस्त मिळते. फाट्याची वाढ हा नगररचनाशास्त्राचा विषय नसला, तरी मराठवाड्यात तिचा एक ठरलेला शिरस्ता आहे. आधी चहा, मग पानपट्टी, मग पंक्चर, मग उन्हाळ्यापुरती रसवंती, मग खते व बी-बियाणे, त्यामागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सांधणारा वेल्डर, आणि या सर्वांच्या गरजांची बेरीज मांडून अखेरीस हार्डवेअरवाला, अशा क्रमाने वस्ती उभी राहते. या शेवटच्या दुकानाच्या दर्शनी भागी पूर्वी दोरखंड, विळे, कुदळी आणि फावडी यांचा मान असे. अलीकडे त्या जागी रंगीत खोक्यांची उतरंड रचलेली दिसते, आणि प्रत्येक खोक्यावर एक गौरवर्ण, चष्माधारी, पिळदार बाहूंचा पुरुष हातात ड्रिल मशीन घेऊन प्रसन्न मुद्रेने उभा असतो. या पुरुषाच्या डोळ्यांवरचा तो चष्मा खोक्यात नसतो, ही गोष्ट घरी गेल्यावर कळते.

खोक्यांचे रंगही योजनापूर्वक निवडलेले असतात. जगातल्या नामांकित कारखान्यांनी हिरवा, निळा, पिवळा असे जे रंग पिढ्यानपिढ्या आपलेसे केले, त्यांच्या इतक्या निकट जाऊन हे रंग उभे राहतात, की नावातील एक अक्षर तेवढे निराळे आहे, हे हमीपत्र भरण्याचा प्रसंग येईपर्यंत ध्यानात येत नाही. आणि हमीपत्र भरण्याचा प्रसंग तरी कोठून येणार? बिल घेतले तर कर लागतो, कर लागला तर भाव चढतो, आणि हजार-बाराशेच्या मालासाठी सरकारची तिजोरी भरण्याइतकी राजनिष्ठा निजामाच्या अमलातही या प्रांतात कोणी दाखवलेली नव्हती.

भोक पाडण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. गावचा सुतार सामत्याला कमानीची दोरी गुंडाळून ती पुढेमागे ओढी, आणि एका खुंटीच्या भोकाला एवढा वेळ घेई, की तेवढ्या अवधीत खुंटी येथे हवी की तेथे, याचा घरधन्याला दोनदा पुनर्विचार करता येत असे. सुताराचे बलुते वर्षाचे ठरलेले, त्यामुळे भोकांची संख्या वाढवण्यात त्यालाही स्वारस्य नव्हते. पुढे १८९५ साली जर्मनीतील श्टुटगार्टच्या फाइन नामक कारखान्याने हाती धरण्याजोगे विजेचे छिद्रयंत्र काढले. ते इतके जड होते, की ते उचलताना दोन्ही हात लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. खरा घोटाळा झाला तो १९१७ साली. त्या वर्षी अमेरिकेतील ब्लॅक आणि डेकर या जोडीला जे पेटंट मिळाले, त्यात यंत्राला पिस्तुलाची मूठ आणि पिस्तुलाचाच घोडा बसवलेला होता. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही सुधारणा थोर होती, यात संशय नाही; परंतु मनुष्यस्वभावाच्या दृष्टीने पाहता, ज्या वस्तूला पिस्तुलाची मूठ आहे ती वस्तू पुरुष एकाच हाताने धरतो, दुसरा हात कमरेवर ठेवतो आणि भिंतीकडे शत्रूच्या नजरेने पाहतो. मुंबईच्या मुलुंडमधील रॅलीवुल्फची यंत्रे ज्यांनी वापरली ते जुने मिस्त्री अजूनही यंत्र दोन हातांनी धरतात. त्यांच्या वेळची यंत्रे धातूच्या अंगाची असत आणि अर्थिंग नीट नसेल तर वापरणाऱ्याला ती स्वतःच शिस्त लावत.

आता गिऱ्हाईक दुकानाशी येते ते एकच प्रश्न घेऊन.

“मालक, ताकदीचं दाखवा.”

“हे बघा काका, हेवी ड्यूटी. भिंतीचं काय घेऊन बसलाव, डोंगराला होल पाडतंय हे!”

ज्या गृहस्थाला दिवंगत वडिलांची तसबीर लावण्यापुरते एक भोक हवे असते, त्याला या वाक्यानंतर डोंगराला भोक पाडण्याची निकड का भासू लागते, हे मला अद्याप उमगलेले नाही. तो खोक्यावरचा वॅटचा आकडा वाचतो आणि ज्याचा आकडा मोठा ते यंत्र उचलतो. वस्तुतः या आकड्याचा पंचनामा करायला अभियंता व्हावे लागत नाही. खोक्यावर २२०० वॅट छापलेले असावे आणि वायरीच्या टोकाला साधी ६ अँपिअरची पिन असावी, तर २३० गुणिले ६ बरोबर १३८० एवढा हिशेब सातवीतले पोर करून दाखवील; उरलेले ८२० वॅट छापखान्यात निर्माण झालेले असतात. पण दुकानात उभे राहून गुणाकार करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मागचे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर झेलण्याचे धैर्य फार थोड्यांत असते.

स्वस्त अवजारांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांचा पंथ मला मान्य नाही. याच हजार-बाराशेच्या यंत्राच्या भरवशावर फाट्याच्या आसपासची कितीतरी पोरे पडद्यांचे दांडे, छत्रीच्या डिश, पाण्याच्या टाक्या आणि सौर पॅनेलांचे सांगाडे बसवून आपले पोट भरतात. महाग यंत्राची वाट पाहत बसली असती तर ती अजून बाकावर चहाच फुंकत असती. माझी तक्रार निराळी आहे. यंत्र स्वस्त करणारा मनुष्य मुळीच मूर्ख नसतो. गिऱ्हाइकाला ताकद हवी आहे हे तो जाणतो, म्हणून मोटारीच्या ताकदीला तो हात लावत नाही. तो हात लावतो घोड्याच्या स्विचला, वायरीच्या जाडीला, आतल्या आवरणाला, आणि बीट अडकताच मोटारीचा पीळ सोडवून देणाऱ्या त्या क्लच नावाच्या शहाण्या भागाला, जो अशा यंत्रात एक तर नसतो किंवा केवळ नावाला असतो. म्हणजे यंत्राची हाणण्याची शक्ती पूर्ववत राहते आणि थांबण्याची शक्ती तेवढी कापली जाते. राहिलेसाहिले संरक्षण गिऱ्हाईक स्वहस्ते काढून ठेवते. खोक्यात एक आडवी मूठ निघते. ती ‘जादा पार्ट’ समजून फळीवर जाते व तेथून यथावकाश नातवाच्या खेळण्यांत. चक घट्ट करण्याची चावी पहिल्या आठवड्यात हरवते, आणि पुढे चक पंजात आवळून घोडा किंचित दाबायचा, अशी एक प्रथा रूढ होते, जिच्यामुळे चकापेक्षा पंजाच अधिक घट्ट होण्याचा संभव असतो. चावी हरवली नाही तर ती चकातच राहते आणि घोडा दाबल्याबरोबर तोफगोळ्याच्या इतमामाने प्रस्थान ठेवते. या दोन्ही आपत्तींवर चावी सुतळीने वायरीच्या प्लगजवळच्या टोकाला बांधावी, म्हणजे ती वापरायला प्लग काढावाच लागतो, असा एक अत्यंत सुज्ञ उपाय आहे. तो मी एका वेल्डरकडे पाहिला, आणि त्याच्याकडे सर्व बोटे शाबूत होती.

त्या आडव्या मुठीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या विषयातला सारा पीळ तेथेच आहे. मोटार बीटाला फिरवते असे आपण म्हणतो. हे विधान बीट मोकळे असेपर्यंतच खरे असते. पत्र्याच्या पलीकडे पार होताना, काँक्रीटमधली सळई लागताना किंवा ओल्या लाकडातली गाठ आडवी येताना बीट जेव्हा जागच्या जागी आवळले जाते, तेव्हा मोटारीचा फिरण्याचा निश्चय यत्किंचितही ढळत नाही. बीट फिरत नाही तर यंत्र फिरते, आणि यंत्राला चिकटलेला मनुष्य, जो क्षणापूर्वी वाक्याचा कर्ता होता, तो कर्म होऊन बसतो. आता थोडे गणित. ६० न्यूटन-मीटर पिळाचे यंत्र असेल आणि तुमचा हात त्याच्या अक्षापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर बीट अडकल्या क्षणी मनगटावर ४०० न्यूटनांचा, म्हणजे सुमारे ४० किलोंचा हिसका बसतो. ज्वारीचे अर्धे पोते मनगटावर कोणी न सांगतासवरता आडवे फेकले, तर तुम्ही त्याच्याविरुद्ध फिर्याद द्याल. येथे तुम्ही पदरचे पैसे मोजून ते फेकवून घेता. तीच आडवी मूठ बसवून दुसरा हात ३० सेंटिमीटरवर ठेवला, की हिसका निम्म्यावर येतो. अंगावर येणाऱ्या खोंडाला जो कासरा, तो या यंत्राला ती मूठ, आणि कासरा फळीवर ठेवून कोणी खोंड जुंपत नाही.

याहून फसवी गोष्ट गतीची आहे. या यंत्रांपैकी जी जरा वरच्या दर्जाची, बॅटरीवरची असतात, त्यांना दोन गिअर असतात. एकात यंत्र सणाणत फिरते आणि दुसऱ्यात संथ. आमच्या लोकांचा समज असा, की जे हळू फिरते ते गरीब. त्यामुळे सणाणणाऱ्या यंत्राशी मनुष्य सावध वागतो आणि संथ फिरणाऱ्याशी सलगी करतो. वास्तविक संथ गिअरमध्येच पीळ अधिक असतो, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला कोणी सांगावे लागू नये. परंतु ट्रॅक्टरवरून उतरताना हे ज्ञान तो आसनावरच विसरून येतो. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला पाच. धोका डोळ्यांनी पाहून मेंदूने बोटाला ‘सोड’ असा हुकूम पाठवायचा, तर साधारण एक-पंचमांश सेकंद जातो. तेवढ्यात यंत्राचा एक पूर्ण फेरा झालेला असतो आणि हुकूम पोहोचेपर्यंत बोट मूळ पत्त्यावर नसते.

ठिबकाच्या हंगामात हा प्रयोग शिवाराशिवारांतून पाहायला मिळतो. सबमेनच्या पीव्हीसी पाइपाला ओळीने भोके पाडून त्यांत ग्रोमेट बसवायची असतात. पाइप व्हाइसमध्ये धरावा, निदान दोन ठिकाणी पक्का बांधावा, हे उघड आहे. परंतु व्हाइस गावात आणि पाइप रानात, सबब पाइप डाव्या पायाखाली धरला जातो, पायात चप्पल असते किंवा नसते, आणि बीट पाइपाच्या पातळ अंगात शिरल्याबरोबर एकदम पुढे धावून अडकते. त्यानंतर पाइप पायाखालून निघून नडगीवर येतो. बघणारे म्हणतात, “जोर कमी लावा, दादा!” आणि हा उपदेश योग्यच असतो, फक्त नडगीच्या दृष्टीने उशिरा आलेला. पत्र्याचे प्रकरण याहून उग्र आहे. हाताने धरलेला पत्र्याचा तुकडा बीटाबरोबर फिरू लागला, की त्याचे पाते होते. पत्रा क्लॅम्पने आवळायचा, सेंटर पंचने खूण ठोकायची, आधी बारीक बीट आणि मग मोठे, तेलाचा थेंब, आणि पार होण्याच्या क्षणी दाब सैल, एवढे केले तर हे काम म्हाताऱ्या माणसाने सावलीत बसून करावे इतके निरुपद्रवी आहे.

पोशाखाच्या बाबतीत सरकारने पूर्वीच विचार करून ठेवलेला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमात, चालत्या यंत्राची तपासणी वा तेलपाणी करणाऱ्याने अंगाबरोबरचे घट्ट कपडे घातलेले असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे स्पष्ट लिहिले गेले. ज्याने हे कलम रचले त्याने धोतराचा सोगा शाफ्टमध्ये जाताना कोठेतरी पाहिलेला असला पाहिजे. मात्र त्या कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे विजेवर चालणारा कारखाना ठरायला किमान दहा कामगार लागत. फाट्यावरच्या वेल्डरकडे एक कामगार आणि नऊ बघे असतात, आणि बघ्यांची गणती कायद्याने धरलेली नाही. त्यामुळे येथे खांद्यावरचे उपरणे, गळ्यात गाठ मारलेली दस्ती आणि मनगटावरचा जत्रेतला गंडा या तिन्हींचा यंत्राशी मुक्त संचार चालतो. क्वचित एखादा सुशिक्षित तरुण ‘सेफ्टी’ म्हणून सुती हातमोजे घालून येतो. त्याचा हेतू स्तुत्य असला, तरी फिरत्या बीटाला मोज्याचा एक धागा सापडला की पाठोपाठ मोजा जातो आणि मोज्यात जे काही असेल तेही जाते; म्हणून जाणता मिस्त्री ड्रिलवर मोकळ्या हाताने काम करतो आणि मोजे धारदार पत्रा उचलायला ठेवतो. डोळ्यांसाठी मात्र आमच्याकडे एक स्वतंत्र, विनामूल्य पद्धत आहे. बीट टेकवायचे, घोडा दाबायचा आणि मान फिरवून रस्त्याकडे पाहायचे. डोळे वाचतात, भोक कोठे पडले, एवढेच अनिश्चित राहते.

आणि ते भिंतीत पडत असेल तर अनिश्चितता फारच वाढते. या भागातली जुनी घरे माळवदाची. त्यांच्या हात-दीड हात जाड भिंती बाहेरून दगडाच्या आणि आतून पांढऱ्या मातीच्या असल्याने, त्यांना हॅमर लावलेले यंत्र भिडवणे म्हणजे वृद्ध गृहस्थाच्या पाठीवर जोराने थाप मारून त्याची प्रकृती विचारणे होय. माझ्या एका स्नेह्यांनी घड्याळासाठी आठ मिलिमीटरचे भोक पाडायला घेतले. पहिल्यांदा गिट्टी सैल बसली म्हणून दहाचे बीट लावले, तीही सैल बसली म्हणून बाराचे, आणि संध्याकाळपर्यंत तेथे एक सुबक कोनाडा तयार झाला, ज्यात घड्याळ खिळ्यावाचून उभे राहिले. उलट नव्या सिमेंटच्या घरात भिंत पक्की, पण तिच्या पोटातून वायरी गेलेल्या. बोर्डाच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली भोक पाडू नये, कारण वायर बहुधा सरळ रेषेत चढते-उतरते, एवढा साधा नियम आहे. पण तसबिरीला शोभा येते ती बोर्डाच्या बरोबर वरच, असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो, आणि वीज व वडीलधारे यांत मराठी मनुष्य विजेला अधिक दुखवतो.

विजेकडे वळलोच आहोत तर प्लगाची कैफियतही नोंदवून ठेवू. दुहेरी आवरणाच्या यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, आणि त्याला अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही. बाकी सर्वांना लागते. फाट्यावर दोन्ही वर्गांना समान न्याय मिळतो, कारण दोन्हींचे प्लग काढून टाकलेले असतात. प्लग तुटतो, नवा आणायचा राहून जातो, वायरींची टोके दातांनी सोलून बोर्डाच्या भोकांत खुपसली जातात आणि ती पडू नयेत म्हणून काडेपेटीतल्या दोन काड्या पाचरीसारख्या ठोकल्या जातात. तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे उपकरण बाजारात मिळते. पण ते ज्या घरात बसवावे त्या घरचा फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घालून त्याला कायमचा निवृत्त केलेला असतो.

या सर्व कलमांचा एकत्रित अंमल मला एकदा एका नव्या घराच्या पडवीत पाहायला मिळाला. कठड्याच्या लोखंडी अँगलला भोके पाडणे चालू होते. बोट दुखते म्हणून यजमानांनी घोड्याजवळची ती बारीक खुंटी दाबून यंत्र सततचे चालू ठेवले होते. बीट अँगलमध्ये अर्धे शिरले आणि वीज गेली. येलदरीला पूर्णेवर धरण आहे, तेथे वीज निर्माण होते आणि येलदरी आमच्या शेजारच्या तालुक्यात आहे, या तिन्ही गोष्टींचा आमच्या विजेशी काही संबंध असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. यजमानांनी यंत्र तसेच अँगलला लटकत सोडले, खुंटी दाबलेलीच राहिली, आणि मंडळी चहाला बसली. दुसरा कप अर्धा झाला असताना वीज आली.

यंत्राने आपले काम जेथे सोडले होते तेथून पुढे चालू केले. त्याला धरायला कोणी नसल्यामुळे ते स्वतःच अँगलभोवती गरगरा फिरू लागले, त्याची वायर त्याच्याच अंगाला गुंडाळली जाऊ लागली, वायरीबरोबर दोरीवरचे धोतर आले, आणि धोतरापाठोपाठ चहाचे ताट.

“पिन काढा! पिन काढा आधी!” आजोबा ओरडले.

सर्वजण बोर्डाकडे धावले. तेथे पिन नव्हती. दोन काड्या होत्या. त्या उपटण्याचे धैर्य कोणी करीपर्यंत वायर पुरती आखडून आपोआप निसटली आणि शांतता झाली. कोणाला इजा झाली नाही. यंत्रातून मात्र जळकट वास येत होता, आणि आर्मेचर गेले, असा निर्णय शेजारच्या मोटार रिवायंडिंगवाल्याने ते हातात न घेताच दिला. पंप जळण्याच्या या जिल्ह्यात त्याचे नाक हेच प्रमाण मानतात.

यजमान ते घेऊन रागारागाने फाट्यावर गेले. मीही बरोबर होतो. दुकानदाराने यंत्र उलटसुलट करून पाहिले, बिल मागितले नाही, कारण ते नव्हते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि मोठ्या समजूतदारपणे सारा दोष यंत्राच्या माथी मारला.

“आवं काका, ह्याला ताकद कमी पडली बघा. लोखंडाला हे न्हाई चालायचं,” असे म्हणून तो शिडीवर चढला आणि सर्वांत वरचे खोके काढू लागला.